ताराबाईंची उमेदवारी

मैत्रिणींनो, उमेदवारी हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरलाय. आपल्या आजोबांच्या काळात तो वेगळ्या अर्थाने वापरला जायचा. वकिलाच्या हाताखाली, वैद्याच्या औषधशाळेत, नाहीतर शिंप्याच्या दुकानात नवं पोरगं काम शिकायला बसायचं. पगार नाहीच, असला तरी नावापुरता. पहिले सहा महिने तर त्याने नुसतं बघायचं. यालाच उमेदवारी म्हणत. आता तिला इंटर्नशिप म्हणतात, एवढाच फरक.

आपल्या धामणगाव रेल्वेसारख्या गावातल्या मुलीही आता मानसशास्त्र घेऊन एम.ए. करतात. सकाळची गाडी नाहीतर एसटी पकडायची, डबा घ्यायचा आणि अमरावती गाठायची. शिक्षण संपता संपता एखाद्या शाळेत समुपदेशक म्हणून उमेदवारी करायची वेळ येते, आणि तिथे खरी परीक्षा सुरू होते. शाळेत बसायला जागा नसते. मग ग्रंथालयाचा कोपरा नाहीतर प्रयोगशाळेतलं एखादं स्टूल. शिक्षकांना वाटतं, ही आली म्हणजे वर्गातली चार वांड पोरं आठवड्यात सरळ होणार. आईबापांच्या पोटात गोळा येतो, की आपल्या लेकराला काय झालं म्हणून या बाईकडे पाठवलं? घरी आजीची समजूत अशी, की नात वेड्यांची डॉक्टर होणार आणि आता हिला स्थळं कशी येणार! ती बिचारी मागच्या बाकावर बसून वहीत टिपणं काढते आणि मनात म्हणते, एवढं शिकून शेवटी नुसतं बघतच बसायचं का?

अशा प्रत्येक मुलीने, आणि तिच्या आईनेही, ताराबाई मोडकांचं आयुष्य एकदा समजून घ्यावं. शिवाय त्या आपल्या परक्या नाहीत. काही वर्षं का होईना, त्या आपल्या अमरावतीच्या सूनबाई होत्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचाराचं. मुलींनी शिकावं, स्वतःचं मत ठेवावं, असं मानणारं. ज्या काळात मुलीच्या हातात पुस्तक दिसलं तरी शेजारपाजार कुजबुजायचा, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पुढच्याच वर्षी लग्न झालं. यजमान कृष्णराव मोडक, अमरावतीचे नावाजलेले वकील. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या आपल्या या रेल्वेवर धामणगावच्या आधी चांदूर, आणि चांदूरच्या आधी बडनेरा लागतं. तिथून अमरावतीचा फाटा. समुद्राकाठी वाढलेली ही मुलगी अशी काळ्या मातीच्या, कापसाच्या मुलखात आली.

बाहेरून पाहिलं तर संसाराला काय कमी होतं? वकिली जोरात, घरात प्रतिष्ठा, बायको शिकलेली. पण संसार बाहेरून दिसतो तसाच आतून असेल, असं थोडंच आहे! ते नातं टिकलं नाही. १९२१ साली दोघं कायमचे वेगळे झाले. ताराबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगी लेक होती, प्रभा.

जरा थांबून विचार करा. आजही आपल्या गावात घटस्फोट म्हटला की बाई हळदीकुंकवाला बोलवायची की नाही, यावर चर्चा होते. मग शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल? ताराबाईंनी मात्र दाराआड रडत दिवस काढले नाहीत. हाती पदवी होती, तिचा उपयोग केला. गुजरातेत राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं. शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बायकांना तिथे शिकवत. त्या कॉलेजच्या प्राचार्यपदावर ताराबाई रुजू झाल्या.

तिशीत प्राचार्यपद! मान आणि पगार दोन्ही मिळालं. एकट्या बाईला लेकरू वाढवायला आणखी काय हवं? आपल्यापैकी कुणीही म्हटलं असतं, की आता इथेच निवृत्तीपर्यंत राहावं, बापा. पण त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला होता. आपण शिक्षिका तयार करतो खऱ्या, पण लहान मूल म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे? घरात प्रभा मोठी होत होती. तिला कुठल्या शाळेत घालावं, कसं शिकवावं, हा तर रोजचाच प्रश्न होता.

त्या सुमारास जगात काय चाललं होतं, तेही पाहू. इटलीत मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत मुलांसाठी घर उघडलं होतं. मुलांना दरडावण्याऐवजी त्यांच्याकडे नीट पाहा, मूल स्वतःच आपल्याला काय हवं ते दाखवतं, हा त्यांचा विचार जगभर पसरत होता. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९१५ साली आर्नोल्ड गेसेल यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. शाळेतला मानसशास्त्रज्ञ असा हुद्दा मिळालेला तो पहिलाच माणूस मानतात. योगायोग बघा, त्याच वर्षी ताराबाई लग्न होऊन अमरावतीला आल्या होत्या! आपल्याकडे मात्र असा हुद्दा नव्हता, की तो शिकवणारी शाळा नव्हती. होतं ते एकच ठिकाण, भावनगर.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजूभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं होतं. गिजूभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसरीबाईंची पुस्तकं हाती लागली आणि चालती वकिली सोडून हे गृहस्थ लेकरांत येऊन बसले! मुलांवर त्यांची इतकी माया, की लोक त्यांना मिशावाली आई म्हणू लागले. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीस नव्हतं, पहिला-दुसरा नंबरही नव्हता. गोष्टी, गाणी, नाटकं, बाग आणि हाताने करायची कामं असायची. कुठलं मूल काय निवडतं, कशात रमतं, कशापासून पळतं, हे मोठ्यांनी बघायचं.

ताराबाईंनी १९२३ साली राजकोटचं प्राचार्यपद सोडलं आणि त्या भावनगरला गेल्या. मैत्रिणींनो, ही उडी साधी नव्हती. ज्या बाईच्या सहीने शिक्षिका तयार होत होत्या, ती बाई पुन्हा शिकाऊ झाली. भाषा परकी, गाव परकं, हाताशी लहान मुलगी, पाठीशी नवरा नाही. आणि काम काय? तर दोन-अडीच वर्षांच्या लेकरांमध्ये बसून ती काय करतात ते पाहायचं! नातेवाइकांना हा वेडेपणा वाटला असेल तर नवल नाही.

पण ही उमेदवारीच त्यांना घडवून गेली. लहान मुलाचं वागणं कधी बिनकारणी नसतं, हे त्या तिथे शिकल्या. आपण ज्याला हट्ट म्हणतो, त्यामागे बहुतेक वेळा मुलाची काहीतरी गरज असते. आपल्याच घरातलं बघा ना. आई पोळ्या लाटत असते आणि तीन वर्षांचं लेकरू पोळपाटाला झोंबतं. आईला घाई, म्हणून ती एक धपाटा घालते. मूल भोकाड पसरतं आणि आपण म्हणतो, लई हट्टी झालंय. खरं तर त्याला हात चालवायचे असतात, आई करते ते करून बघायचं असतं. कणकेचा एक गोळा दिला तर ते अर्धा तास गुंग होतं. मूल तेच, स्वयंपाकघर तेच. आपण एकदा धपाटा घातला आणि एकदा गोळा दिला. ताराबाईंनी पुढे मुलांच्या हट्टावर पुस्तक लिहिलं, त्याला या निरीक्षणाचाच पाया होता.

भावनगरला त्या नऊ वर्षं राहिल्या. शिकाऊ म्हणून गेलेल्या ताराबाई थोड्याच काळात गिजूभाईंच्या बरोबरीने काम करू लागल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षिका तयार करण्याचं कामही तिथे चालायचं. मासिक निघायचं, त्यात आईबापांसाठी लिहायचं. शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती १९३३ साली निघाली आणि ताराबाई तिच्या संपादक झाल्या. मुलाला मारू नये, भीती घालू नये, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये, हे त्या वर्षानुवर्षं सोप्या मराठीत सांगत राहिल्या. आज शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे. छडी लागे छमछम ही जेव्हा साऱ्यांनाच खरी विद्या वाटत होती, तेव्हा ताराबाई हे लिहीत होत्या!

भावनगरहून त्या मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. शाळा नावारूपाला आली, मराठी घरांतून माँटेसरी हा शब्द रुळला. कुणीही समाधानाने टेकावं अशी ही जागा. पण ताराबाईंना पुन्हा एक प्रश्न छळू लागला. इथे येतात ती डबा, रुमाल घेऊन येणारी, पोट भरलेली मुलं. खेड्यातल्या मजुराच्या लेकराला मन नसतं का? त्याला कोण बघणार?

मग १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि ताराबाईंना एक उमेदवार मिळाली, अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. कळायला लागायच्या आधीच कपाळ पांढरं झालेलं. जिद्दीने शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. बरीच वर्षं शाळेत शिकवल्यावर, पस्तिसाव्या वर्षी, त्या ताराबाईंकडे पुन्हा पहिलीपासून शिकायला आल्या. ताराबाईंनी भावनगरला जे केलं, तेच अनुताईंनी बोर्डीला केलं. गुरू-शिष्येची ही जोडी ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीत माँटेसरीची महागडी, पॉलिश केलेली साधनं कुठून येणार? मग शिंपले आले, चिंचोके आले, खडे, बिया, पानं, माती आली. मोजायला शिकायचं तर चिंचोक्यांनीही शिकता येतं. हलकं-जड कळायला दगड आणि पीस पुरतं. खर्च जवळजवळ काहीच नाही. कामाची सुरुवात तर त्याहून साध्या गोष्टीपासून, मुलांना न्हाऊ-माखू घालण्यापासून झाली.

पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या पाड्यांत. आणि खरा पेच तिथे पडला. शाळा उघडली, पण मुलं येईनात. सरकारी माणूस असता तर कागदावर लिहून मोकळा झाला असता, की आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही. ताराबाईंनी आणि अनुताईंनी तसं केलं नाही. त्या पाड्यावर गेल्या, घरं पाहिली, दिवस पाहिला. तेव्हा उलगडा झाला. आई-बाप मजुरीला जातात. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. ते कुणाकडे टाकून ती शाळेत येईल? मुलगा गुरं राखतो. गुरं सोडून तो कसा येईल?

म्हणजे मुलांत खोट नव्हती आणि आईबापांतही नव्हती. खोट शाळेच्या वेळेत आणि जागेत होती. मग शाळाच बदलली. धाकट्या भावंडांसाठी बालवाडीला लागून पाळणाघर काढलं, म्हणजे ताई निवांत शिकेल. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात गेले, तिला कुरणशाळा म्हणू लागले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. आणि ज्या पाड्यावरून मुलं बालवाडीपर्यंत पोचतच नव्हती, तिथे कुणाच्या तरी अंगणात जाऊन बालवाडी भरवली. ती अंगणवाडी!

होय, तीच अंगणवाडी. आज आपल्या वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात जिच्या भिंतीवर फुलपाखरं आणि बाराखडी रंगवलेली असते, ती. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. देशात पहिल्यांदा निवडलेल्या ३३ प्रकल्पांमध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटातलं धारणी होतं. ज्या जिल्ह्यातून एक बाई मोडलेला संसार मागे ठेवून निघाली, त्याच जिल्ह्यात तिचं काम असं पोचलं. ते पाहायला मात्र ताराबाई नव्हत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत कोसबाडचं काम सांभाळलं.

आता आपल्या त्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसणाऱ्या मुलीचं काय? ताराबाईंच्या आयुष्यात तिच्या कामाचं बरंच काही आहे.

पहिलं म्हणजे, बघणं हेच काम आहे. मागच्या बाकावर बसून कुठलं मूल कोणत्या तासाला गप्प होतं, मधल्या सुट्टीत कोण एकटं राहतं, कुणाचा डबा रोज रिकामा असतो, हे टिपणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. वर्गात साठ मुलं सांभाळणाऱ्या शिक्षकाला ते दिसणं अवघड. तुला दिसू शकतं, कारण तुला त्यासाठीच बसवलंय. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडून हेच तर केलं.

दुसरं, मुलावर शिक्का मारायची घाई नको. मठ्ठ, वांड, आळशी, कामचोर हे शब्द शाळेत फार स्वस्त आहेत. ते पोर शाळेत झोपतं, तर रात्री घरी काय होतं? कापूस वेचणीच्या दिवसांत तीच मुलगी का गैरहजर राहते? कोसबाडला उत्तर पाड्यावर सापडलं होतं. तुझं उत्तर कदाचित स्टेशनपलीकडच्या वस्तीत असेल, एखाद्या शेतमजुराच्या घरात असेल, नाहीतर चांगल्या बंगल्यात नव्वद टक्क्यांसाठी लेकराच्या मागे लागलेल्या बापाजवळ असेल. ऐकलेलं मात्र चार जणींत बोलायचं नाही. लहान गावात गोष्ट पसरायला पाणी भरण्याएवढाही वेळ लागत नाही, आणि एकदा मुलाचा विश्वास गेला की ते पुन्हा तोंड उघडत नाही.

तिसरं, साधनांसाठी अडून बसू नकोस. खोली नाही, चाचण्यांचे संच नाहीत, कपाट नाही. नसू दे. रंगीत खडू, जुनी मासिकं, माती, गोष्ट आणि झाडाखालची सावली एवढ्यावरही मूल बोलायला लागतं. चाचणी लागेल तिथे ती जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावी. आपल्या आवाक्याबाहेरचं दुखणं दिसलं तर मुख्याध्यापकांना आणि आपल्याला शिकवणाऱ्यांना सांगून डॉक्टरांकडे पाठवावं. उमेदवाराने आपली पायरी ओळखणं हीसुद्धा विद्याच आहे.

आणि आता आयांसाठी, आज्यांसाठी एक. शाळेतली ही नवी पोरगी कधी तुमच्या दारात आली, लेकराबद्दल विचारू लागली, तर घाबरू नका. तुमचं मूल वेडं आहे असं सांगायला ती आलेली नसते. तिला बसायला द्या, चहा टाका आणि खरं खरं सांगा. ते रात्री दचकून उठतं का, कशाला भितं, बापाचा आवाज चढला की कुठे जाऊन लपतं. अडचण वाटली तर म्हणा, की पुढच्या वेळी सांगेन. ती पुन्हा येईल. लेकराच्या मनाचा अर्धा पत्ता शाळेजवळ असतो आणि अर्धा तुमच्याजवळ. दोन्ही एकत्र आले, तरच ते घर सापडायचं.